आडवाटांवरचा दिशादर्शक : मोटारसायकलसाठी जीपीएस यंत्राची निवड

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे गाव. माणगंगेच्या काठी वसलेले आणि सिद्धनाथाच्या रथयात्रेमुळे दूरवर माहीत असलेले. त्याच्या पूर्वेस सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो आणि दक्षिणेस सांगली जिल्ह्यातील आटपाडी. सातारा–पंढरपूर हा मोठा रस्ता गावातून जातो व त्या रस्त्यावर वाट चुकण्याचे काही कारण नाही. परंतु माण तालुक्यातील सारी माणसे मोठ्या रस्त्याच्या कडेने राहत नाहीत. मूळ गावठाण एकीकडे आणि त्याच्या वाड्या-वस्त्या माळरानावर, ओढ्याच्या कडेने, विहिरीच्या आधाराने विखुरलेल्या, अशी येथील रचना आहे. शाळा त्या वाडीवर असते, मतदान केंद्र तेथे असते, आजारी जनावर तेथेच बांधलेले असते आणि बाळंतपणात अडलेली बाईही तेथेच असते.

त्यात गावांच्या नावांचा घोळ. वरकुटे-म्हसवड हे एक गाव आणि वरकुटे-मलवडी हे दुसरे. शिवाय नुसते मलवडी म्हणून तिसरे गाव याच माण तालुक्यात आहे. राजेवाडी म्हटले की येथील माणसाला तलाव आठवतो, पण पुणे–मिरज लोहमार्गाने प्रवास करणाऱ्यास पुरंदर तालुक्यातील राजेवाडी स्थानक आठवते. वस्त्यांची नावे तर बहुधा आडनावांवरून पडलेली. एकाच आडनावाच्या दोन वस्त्या शेजारच्या दोन गावांत असणे यात नवल नाही. नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेस आदेशात शाळेचे नाव मिळते, गावाचे नाव मिळते. मात्र फाट्यावरून डावीकडे वळावयाचे की ओढा ओलांडावयाचा, हे त्या कागदावर नसते.

पूर्वी हा प्रश्न विचारपूस करून सुटत असे आणि आजही पुष्कळदा तसाच सुटतो. परंतु दुपारच्या उन्हात माळावर विचारावयास माणूस भेटेलच असे नाही, आणि रात्री तर नाहीच. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, पशुवैद्यक, आरोग्यसेविका, बँकेचे वसुली प्रतिनिधी, शिक्षक ही सारी मंडळी आपापल्या दुचाकीवर फिरतात. वाट दाखविणारे यंत्र घ्यावे असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटते. ते बहुधा स्वतःच्या पगारातून घ्यावे लागते आणि म्हणूनच चार पैसे वाया जाऊ नयेत अशी अपेक्षा असते. या निवडीचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ग्रामीण भागात ‘जीपीएस’ हा शब्द अनेकांच्या कानी प्रथम पडला तो पाण्याच्या टँकरमुळे. टंचाईच्या काळात पाणीपुरवठा करणाऱ्या टँकरवर जीपीएस यंत्रणा बसविणे शासनाने बंधनकारक केले. फेऱ्या खरोखर झाल्या की नाहीत, हे त्यावरून कार्यालयास कळते. ते यंत्र वाहनाचा ठावठिकाणा दुसऱ्यास कळविते; वाहन चालविणाऱ्यास ते काहीच सांगत नाही. त्यास पडदा नसतो, नकाशा नसतो. बाजारात मोटारसायकलसाठी स्वस्तात ‘जीपीएस’ म्हणून जे विकले जाते, ते बहुतांशी याच जातीचे, म्हणजे गाडी चोरीस गेल्यास तिचा माग काढणारे यंत्र असते. त्यात सिमकार्ड असते आणि त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागते. गाडीच्या सुरक्षिततेसाठी ते उपयुक्त आहे यात शंका नाही. पण वाट शोधण्याच्या हेतूने ते घेणारा माणूस फसतो. दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे यंत्र वाट दाखविते की फक्त ठावठिकाणा कळविते?

वाट दाखविणारे यंत्र मुळात करते काय, हे समजून घेतले म्हणजे पुढची निवड सोपी होते. अमेरिकेच्या जीपीएस योजनेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि २४ उपग्रहांची मालिका १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत दोनच गोष्टी सांगत असतात: आता नेमके किती वाजले आहेत आणि आपण स्वतः कोठे आहोत. संदेश निघाल्याची वेळ व पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून हातातील यंत्र उपग्रहापासूनचे अंतर काढते. अशी चार अंतरे मिळाली की स्वतःचे ठिकाण निश्चित होते. वेळेच्या मोजणीत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी ठिकाण ३०० मीटरने चुकते, यावरून त्या घड्याळांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. मे २००० पर्यंत नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती अमेरिकेने काढून टाकल्यावर उघड्या माळावर साध्या यंत्रासही काही मीटरांपर्यंत अचूकता मिळू लागली.

भारतानेही स्वतःची मालिका उभारली. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने १ जुलै २०१३ रोजी या मालिकेतील पहिला आणि २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा उपग्रह सोडला, आणि या व्यवस्थेस ‘नाविक’ असे नाव मिळाले. पहिल्या पिढीतील काही उपग्रहांची अणुघड्याळे बिघडली. त्यामुळे नव्या पिढीचे उपग्रह सोडावे लागत आहेत. त्यांपैकी पहिला २९ मे २०२३ रोजी गेला व त्यावर स्वदेशी बनावटीचे अणुघड्याळ आहे. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला दुसरा मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. ग्राहकाच्या दृष्टीने यातून एवढेच घ्यावयाचे की, एकाच देशाच्या उपग्रहांवर विसंबणारे यंत्र घेऊ नये. अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि आपले नाविक यांपैकी जितक्या मालिकांचे संदेश यंत्र ओळखते तितके चांगले. माणदेशासारख्या उघड्या मुलखात एवढ्यानेही काम भागते. घाटात, दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये या बहुविधतेचे महत्त्व अधिक.

या सर्व उपग्रहांचे संदेश फुकट असतात. त्यांस सिमकार्ड लागत नाही, रेंज लागत नाही, कोणतेही मासिक शुल्क नाही. मोबाईलला रेंज नसलेल्या वस्तीवरही ‘आपण कोठे आहोत’ हे यंत्रास कळते. मात्र त्या ठिकाणी पोहोचण्याची वाट कोणती, हे कोणताही उपग्रह सांगत नाही. ते नकाशा सांगतो. मोबाईलची रेंज लागते ती हा नकाशा इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने मागविण्यासाठी. रेंज गेली की पडद्यावर कोऱ्या कागदावरचा एक निळा ठिपका तेवढा उरतो, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. तेव्हा उपग्रह नव्हे, नकाशा गैरहजर असतो. म्हणून माण, खटाव, आटपाडी अशा भागांत फिरणाऱ्याने यंत्राची पारख करताना पहिली कसोटी हीच लावावी, की संपूर्ण नकाशा यंत्राच्या पोटात साठविता येतो काय, आणि त्या साठविलेल्या नकाशावर रेंजशिवाय वाट काढता येते काय?

आता यंत्रांकडे वळू. मोटारसायकलसाठीच मुद्दाम बनविलेली यंत्रे आहेत. गार्मिन कंपनीची ‘झुमो’ मालिका त्यांत प्रसिद्ध आहे. उन्हात वाचता येईल असा पडदा, हातमोजे घालून दाबता येईल अशी रचना, पाणी व धूळ यांपासून संरक्षण, गाडीच्या बॅटरीशी जोडणी हे सर्व त्यांत असते. परंतु त्यांची किंमत दहा-दहा हजारांच्या अनेक नोटांच्या गड्ड्या मोजावयास लावणारी आहे. दूरदेशी सफरी करणाऱ्या हौशी स्वारास किंवा एखाद्या बचाव पथकास ती परवडेल. शाळा ते तालुका एवढ्या परिघात फिरणाऱ्या शिक्षकाने ती घेण्याचे कारण दिसत नाही. त्यांतील नकाशा मोठ्या रस्त्यांबाबत उत्तम असला, तरी एखाद्या वाडीच्या बाबतीत तो मोबाईलवरील फुकट नकाशाहून अधिक जाणता असेलच असे नाही.

दुसरा प्रकार म्हणजे गाडीवरच बसविलेला छोटा दिशादर्शक. रॉयल एन्फील्डने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मीटिओर ३५०’ या गाडीवर ‘ट्रिपर’ नावाची लहान गोल तबकडी दिली आणि त्यानंतर इतर कंपन्यांच्या गाड्यांवरही अशा सोयी आल्या. तीत पुढचे वळण डावीकडे की उजवीकडे आणि किती अंतरावर, हे बाणाने दिसते. नजर रस्त्यावरून फारशी हलत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु विचार करणारे डोके खिशातील मोबाईलचेच असते. तबकडी केवळ त्याचा निरोप वाचून दाखविते. तेव्हा गाडीवर ही सोय आहे म्हणून वेगळा खर्च टळतो असे समजू नये, आणि केवळ या सोयीसाठी गाडीच्या वरच्या किमतीचा नमुना घेणे हे तर उघड तोट्याचे आहे.

राहिला मोबाईल. घरात बाजूला पडलेला, तीन-चार वर्षांपूर्वीचा, पण बॅटरी शाबूत असलेला मोबाईल हाच बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी सर्वांत स्वस्त आणि पुरेसा दिशादर्शक होय. त्यात सिमकार्ड नसले तरी चालते. रोजचा महागडा मोबाईल हँडलवर बांधू नये, यास एक ठोस कारणही आहे. मोटारसायकलच्या इंजिनाची तीव्र थरथर दीर्घकाळ लागल्यास आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने स्वतःच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. अशी यंत्रणा असलेल्या इतर मोबाईलांनाही तोच धोका संभवतो. जुन्या साध्या मोबाईलात ती बहुधा नसते. आणि असली व बिघडली तरी हळहळ कमी.

जुना मोबाईल निवडतानाही काही गोष्टी पाहाव्यात. अगदी स्वस्त मोबाईलात होकायंत्र नसते. गाडी चालू असताना याने बिघडत नाही, कारण बदलत्या ठिकाणावरून यंत्र दिशा ओळखते. पण फाट्यावर थांबून कोणत्या बाजूस तोंड आहे हे पाहू गेल्यास बाण भलतीकडे वळतो. अशा वेळी दहा-वीस पावले चालत जावे, म्हणजे बाण ताळ्यावर येतो. दुसरे म्हणजे पडद्याचा उजेड. वैशाखात दुपारी बारा वाजता माळावर उभे राहून पडदा वाचता येतो का, ही परीक्षा दुकानाच्या सावलीत होत नाही. पडदा बाहेर उन्हात आणून पाहावा. तिसरे, पाणी व धूळ. यंत्राच्या खोक्यावर ‘आयपी ६७’ असे काही लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा धुळीचा व दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी बाधा होत नाही. पहिल्या आकड्याच्या जागी नुसते ‘एक्स’ हे अक्षर असेल, तर धुळीची चाचणी नोंदलेली नाही असा त्याचा अर्थ. पाऊस कमी आणि फुफाटा अधिक असलेल्या या मुलखात दुसऱ्या आकड्यापेक्षा पहिल्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. मोबाईलला असे संरक्षण नसेल तर पारदर्शक झाकणाची पिशवी मिळते. मात्र बंद पिशवीत उन्हाने मोबाईल तापतो आणि तापला की आपोआप बंद पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

पैसा खर्च करावयाचा तो होल्डरवर. स्वस्त प्लॅस्टिकचा होल्डर खडीच्या रस्त्यावर आठ-पंधरा दिवसांत सैल होतो, आणि मोबाईल खाली पडून मागून येणाऱ्या ट्रॅक्टरखाली गेला म्हणजे होल्डरवर वाचविलेले पैसे अनेकपटींनी जातात. चारही कोपऱ्यांस धरणारा, धातूच्या पकडीचा, हँडलच्या दांड्यावर स्क्रूने आवळला जाणारा होल्डर घ्यावा. तो टाकीजवळ मध्यभागी असावा, आणि हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून क्लच व ब्रेकच्या तारा त्यात अडकत नाहीत ना, हे बसवितानाच पाहावे.

वीजपुरवठ्याबाबत हयगय नको. मोबाईलचा पडदा सतत चालू राहिला तर जुनी बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकते. गाडीची वीज १२ व्होल्टची आणि मोबाईलला लागते ५ व्होल्टची. मधला चार्जर हे काम करतो. तो वायरमनकडून बसवून घेताना दोन गोष्टींचा आग्रह धरावा: बॅटरीकडून येणाऱ्या तारेत फ्यूज असावा आणि चार्जर चावीच्या पुढच्या जोडणीवर असावा, म्हणजे चावी काढली की तोही बंद होईल. साध्या मोटारसायकलची बॅटरी लहान असते. थेट जोडलेला चार्जर रात्रभर थोडी थोडी वीज खात राहिला, तर सुट्टीनंतर सोमवारी सकाळी शाळेत निघताना गाडी बटणाने सुरू होत नाही.

मग नकाशा कोणता? गूगलच्या नकाशात हव्या त्या भागाचा तुकडा मोबाईलवर साठविता येतो, पण त्यास मुदत असते व तो अधूनमधून नवा करावा लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने भारतात दुचाकीसाठी वेगळी सोय सुरू केली. ती मोटारगाडीस न जाणाऱ्या जवळच्या वाटा सुचविते. ‘ऑसमअँड’ आणि ‘ऑरगॅनिक मॅप्स’ यांत ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून तयार केलेल्या नकाशाचा उपयोग केलेला असतो. २००४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात कोणीही आपल्या गावची वाट, विहीर, शाळा यांची भर घालू शकतो. भारतीय कंपनीचा ‘मॅपल्स’ हाही पर्याय आहे. यांपैकी दोन नकाशे एकाच मोबाईलवर ठेवण्यास काहीच खर्च येत नाही. आणि जेथे दोन नकाशांचे एकमत होत नाही तेथे थांबून माणसास विचारावे, एवढी सूचना त्या मतभेदातून आपोआप मिळते.

कारण नकाशा चुकतो, आणि त्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कळसूबाईकडे निघालेली एक मोटारगाडी रात्रीच्या वेळी नकाशाने दाखविलेल्या रस्त्याने गेली. त्या रस्त्यावरील कोतूळजवळचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी पाण्यात गेली व चालकाचा मृत्यू झाला. तेथल्या लोकांना तो रस्ता बंद असल्याचे माहीत होते, नकाशाला नव्हते. माणदेशात पाणी कमी, म्हणून हा धोका नाही असे समजणे चुकीचे ठरेल. कोरड्या ओढ्यास परतीच्या पावसात तासाभरात पूर येतो आणि फरशी पूल दिसेनासा होतो. १८७६-७७ च्या दुष्काळातील कामातून उभा राहिलेला राजेवाडीचा जुना तलाव भरला की त्याच्या काठच्या वाटा पाण्याखाली जातात, आणि आटला की पोटातून नव्या वाटा पडतात. उपसा सिंचन योजनांच्या कालव्यांनी कित्येक जुन्या गाडीवाटा तोडल्या आहेत. यंत्र सरळ वाट दाखविते, स्वार कालव्याच्या भरावापाशी येऊन थांबतो आणि पूल कोठे आहे ते दिसत नाही. दुचाकीसाठी सुचविलेली जवळची वाट उन्हाळ्यात खरोखर जवळची असते. पाऊस पडल्यावर काळ्या रानात ती चाक रुतविणारी होते. नवख्या स्वाराने रात्री व पावसात नकाशातील लांबचा डांबरी रस्ताच पत्करावा.

यंत्राकडे पाहण्याच्या सवयीचाही येथे विचार केला पाहिजे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद पडद्याकडे पाहिले तर गाडी सुमारे २८ मीटर अंतर न पाहता कापते. उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेली ट्रॉली समोर असावयास तेवढे अंतर पुरेसे आहे. वाहन चालविताना हातातील दळणवळण साधनाचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०२० पासून आहे. म्हणजे हँडलवर बसवून वाट पाहणे नियमास धरून आहे. एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने गाडी चालविणे नाही. ठिकाण शोधणे, नाव लिहिणे, नकाशा सरकविणे ही कामे गाडी बाजूस उभी करूनच करावीत. निघण्यापूर्वी अंगणातच यंत्र सुरू करून दोन-चार मिनिटे उघड्या आकाशाखाली ठेवावे. बराच काळ बंद असलेल्या आणि इंटरनेट नसलेल्या मोबाईलास उपग्रहांचा पत्ता नव्याने लावावा लागतो. त्यास वेळ लागतो म्हणून यंत्र बिघडले असे अनेकांस वाटते.

अंकांच्या लेखनातील एका चुकीचा निर्देश करणे आवश्यक आहे, कारण ती कार्यालयीन पत्रव्यवहारातही आढळते. म्हसवडचा अक्षांश सुमारे १७ अंश ३८ मिनिटे आहे. हेच दशांशात लिहावयाचे तर १७.६३ होते, १७.३८ नव्हे, कारण एका अंशात मिनिटे ६० असतात, १०० नव्हेत. कोणी घाईने १७.३८ लिहिले तर यंत्र स्वारास सुमारे २८ किलोमीटर दक्षिणेस, सातारा जिल्हा ओलांडून थेट सांगली जिल्ह्यात नेऊन उभे करील. तसेच दशांशानंतर एकच अंक लिहिला तर ठिकाण अकरा किलोमीटरच्या घरात अनिश्चित राहते. चार अंक लिहिले की ते अकरा मीटरांत येते. वस्तीशाळेचे ठिकाण कळविताना दशांश चिन्हानंतर चार किंवा पाच अंक द्यावेत. हे अंक लांबलचक वाटत असतील तर टपाल खात्याने मे २०२५ मध्ये सुरू केलेला ‘डिजिपिन’ वापरता येतो. त्यात देशातील प्रत्येक सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनास दहा अक्षर-अंकांचा संकेत दिलेला आहे, आणि तो अक्षांश-रेखांशांवरूनच निघतो.

येथे ग्रामपंचायतीचे काम सुरू होते, आणि ते कोणत्याही यंत्राच्या किमतीहून अधिक मोलाचे आहे. स्वामित्व योजनेत, जिचा प्रारंभ २४ एप्रिल २०२० रोजी झाला, ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करण्यात आली. परंतु ती गावठाणापुरती. शेतातल्या वस्त्या तीत येत नाहीत. त्यातच डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा स्वागतार्ह निर्णय घेतला. मात्र पाटीवर नवे नाव, नकाशात जुने आणि लोकांच्या तोंडी तिसरेच, अशी अवस्था ठिकठिकाणी होऊन बसली आहे. बाहेरून येणारी रुग्णवाहिका यातील कोणत्या नावाने वाट शोधील? २०२१ मध्ये केंद्र शासनाने नकाशाविषयक निर्बंध शिथिल केल्यापासून भारतीय नागरिकास असे काम करण्यास आगाऊ परवानगी लागत नाही. शाळेतील शिक्षक व आठवी-नववीची मुले यांनी एका रविवारी प्रत्येक वस्तीवर जाऊन जुन्या मोबाईलने ठिकाण टिपले, जुने व नवे अशी दोन्ही नावे लिहून घेतली, फरशी पूल व बंद झालेल्या वाटा नोंदविल्या, आणि ग्रामसभेत ती यादी वाचून खरी करून घेतली, म्हणजे ती नकाशावर चढविणे हे दोन संध्याकाळचे काम आहे. यास अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. यादी आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात व पोलीस पाटलांकडे कागदावरही असावी; मोबाईल बंद पडतो, कागद पडत नाही.

ग्रामपंचायतीस किंवा शाळेस सार्वजनिक पैशातून यंत्र घ्यावयाचे असल्यास मागणीपत्रात कंपनीचे नाव न घालता कामाचे वर्णन घालावे: संपूर्ण राज्याचा नकाशा यंत्रात साठलेला असावा, रेंजशिवाय वाट काढता यावी, एकाहून अधिक उपग्रह मालिका ओळखता याव्यात, धूळ व पाणी यांपासून संरक्षण असावे, नकाशा पुढील काही वर्षे विनाशुल्क नवा होत राहावा. पैसे देण्यापूर्वी परीक्षा घ्यावी आणि ती दुकानात नव्हे, गाडीवर घ्यावी. मोबाईल असेल तर त्यातील ‘एअरप्लेन मोड’ चालू करून सर्व रेंज बंद करावी. मग म्हसवडहून निघून वरकुटे-मलवडीतील एखादी शाळा, तेथून राजेवाडी तलावाचा बंधारा आणि तेथून परत, असा फेरा यंत्राच्या सांगण्यावरून मारावा. सोबत वाट जाणणारा एक माणूस मागे बसलेला असावा, पण त्याने बोलू नये. दोन तासांत पडदा उन्हात दिसतो की नाही, होल्डर ढिला पडतो की नाही, आवाज वाऱ्यात ऐकू येतो की नाही आणि मलवडी व वरकुटे-मलवडी यांतला फरक यंत्रास कळतो की नाही, हे सर्व समजते. मागे बसलेल्याने जेथे जेथे तोंड उघडावयाचे मोठ्या कष्टाने टाळले, त्या जागा परत आल्यावर त्याच्याकडून लिहून घ्याव्यात. नकाशात पहिली दुरुस्ती तेथे करावयाची असते.